‘सॅराटोगा’ आणि पाठमोरी नायिका

चित्रीकरण अपुरे असताना कलावंताचा मृत्यू झाल्यास दुसऱ्याचा देह आणि तिसऱ्याचा आवाज योजून भूमिका पूर्ण करण्याचे जे तंत्र आहे, त्याच्या कुळकथेत एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रसंस्थेचा ‘सॅराटोगा’ (१९३७) हा प्रणयविनोदी चित्रपट टाळता येत नाही. जॅक कॉनवे दिग्दर्शित या चित्रपटात विवाह आणि घोडे यांची गुंफण आहे: अश्वपैदास करणाऱ्या घराण्यातील कॅरल क्लेटनचे लग्न एका धनाढ्याशी ठरलेले असते, पण वडिलांनी कर्जापोटी घराण्याच्या स्टड फार्मचे, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते त्या जागेचे, खत ड्यूक ब्रॅडली या बुकीच्या, म्हणजे शर्यतीवरील पैजा स्वीकारणाऱ्याच्या, हाती दिलेले असते, आणि ते सोडवण्याच्या खटपटीतच तिचे मन ड्यूककडे ओढले जाते.

जीन हार्लो आणि क्लार्क गेबल यांचा हा एकत्र असा सहावा चित्रपट. बहुतांश चित्रीकरण झाले असताना हार्लो आजारी पडली आणि ७ जून १९३७ रोजी, अवघी २६ वर्षांची असताना, मूत्रपिंडे निकामी होऊन वारली. दुसरी अभिनेत्री घेण्याचा विचार झाला, परंतु चाहत्यांना हार्लोचीच अखेरची भूमिका हवी होती; म्हणून उरलेल्या दृश्यांत मेरी डीस हिला उभे करून संवाद पॉला विन्स्लो हिच्याकडून वदवून घेण्यात आले. डीस बहुधा पाठमोरी दिसते, आणि एरवी तिचा चेहरा रुंद काठाच्या हॅटखाली किंवा डोळ्यांना लावलेल्या दुर्बिणीआड राहतो. हॅट आणि दुर्बीण रेसकोर्सवर नित्याचीच असल्यामुळे ही लपवणूक कथेत सामावून गेली. दिवाणखान्यात घडणाऱ्या प्रेमकथेत तीच युक्ती तत्काळ उघडी पडली असती. तरीही उणीव जाणवतेच, कारण प्रणयविनोदाचा प्राण नायक-नायिकेच्या नजरानजरेत असतो आणि या दृश्यांतून नाहीशी झाली ती नेमकी नजरच. जुलैमध्ये चित्रपट प्रदर्शित होताच प्रेक्षकांनी प्रचंड गर्दी केली.

पुढे ब्रूस लीच्या मृत्यूनंतर पुऱ्या झालेल्या ‘गेम ऑफ डेथ’मध्ये (१९७८) हॅटचे काम मोठ्या काळ्या चष्म्याने केले, तर ‘ग्लॅडिएटर’मध्ये (२०००) ऑलिव्हर रीडचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने बदली कलाकाराच्या देहावर बसवण्यात आला. हिंदीतील ‘शर्माजी नमकीन’ने (२०२२) मात्र लपवणेच सोडून दिले: ऋषी कपूर यांच्या निधनानंतर परेश रावल यांनी तीच भूमिका उघड्या चेहऱ्याने पूर्ण केली, त्यामुळे एकाच पात्रात दोन कलावंत आलटूनपालटून दिसतात. दिवंगत कलावंताचा मान राखणारा हाच मार्ग अधिक प्रामाणिक होय.