यूथिफ्रोचा पेच

नीती ईश्वराच्या आज्ञेतून निर्माण होते की त्या आज्ञेहून स्वतंत्र असते, हा नीतिशास्त्रातील मूलभूत प्रश्न. प्लेटोच्या ‘यूथिफ्रो’ या संवादावरून हे नाव पडले. संवादाचा काळ इ. स. पू. ३९९, स्थळ अथेन्स. अधर्माच्या आरोपाला तोंड देणाऱ्या सॉक्रेटिसची यूथिफ्रोशी गाठ पडते. एका मजुराच्या मृत्यूबद्दल स्वतःच्या वडिलांवर खटला भरणे हे पुण्यकृत्यच आहे, अशी यूथिफ्रोची खात्री असते. सॉक्रेटिस त्याला विचारतो : कृत्य पवित्र असते म्हणून देवांना प्रिय होते, की देवांना प्रिय असते म्हणून पवित्र ठरते?

पुढे एकेश्वरवादी विचारवंतांनी हा प्रश्न ईश्वराज्ञेला लावला. केवळ आज्ञेमुळे कृत्य चांगले ठरत असेल, तर आज्ञा झाल्यास क्रौर्यही चांगले मानावे लागेल. कृत्य मुळातच चांगले असेल, तर नीतीचा आधार आज्ञेपलीकडे शोधावा लागेल. लायप्निट्सने १६८६ मध्ये पहिला पक्ष नाकारला. ईश्वराचा स्वभाव हाच चांगुलपणाचा निकष, असे मानून काही ईश्वरवादी दोन्ही पक्ष टाळतात. कांटने १७८५ मध्ये नैतिक नियमाचे मूळ विवेकशक्तीत दाखवले. श्रद्धेमुळे सदाचाराची प्रेरणा मिळते का, हा मानसशास्त्रीय प्रश्न मात्र या पेचाहून वेगळा आहे.