धूर, अग्नी आणि वज्रमणी

ज्या युक्तिवादाची आधारविधाने सत्य मानली की निष्कर्ष नाकारताच येत नाही, त्याला निगामी युक्तिवाद म्हणतात. उलट पाहिलेल्या काही उदाहरणांवरून न पाहिलेल्यांविषयी विधान करणारा, आणि म्हणूनच संभाव्यतेपलीकडे जाऊ न शकणारा युक्तिवाद विगामी ठरतो. आजच्या पाठ्यपुस्तकांत या दोहोंना स्वतंत्र प्रकरणे असतात. भारतीय न्यायदर्शनाला मात्र अशी फाळणी करण्याची गरज भासली नाही, आणि त्याचे कारण नैयायिकांच्या अनुमानाच्या घडणीतच सापडते.

गौतमाच्या न्यायसूत्रांत परार्थानुमानाचे, म्हणजे दुसऱ्याला पटवून देण्यासाठी मांडलेल्या अनुमानाचे, पाच अवयव सांगितले आहेत. पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, कारण तेथे धूर आहे हा हेतू, जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण, हा पर्वतही तसाच धूरयुक्त आहे हा उपनय, आणि म्हणून तेथे अग्नी आहे हे निगमन. ॲरिस्टॉटलच्या तीन विधानांच्या अनुमानाला स्वयंपाकघर लागत नाही. नैयायिकाने मात्र सामान्य नियमासोबतच तो जेथे प्रत्यक्ष दिसला ते स्थळही वादसभेत हजर करावे, अशी अपेक्षा होती. वादी आणि प्रतिवादी या दोघांना मान्य असलेला दृष्टान्त नसेल, तर पुढचे बोलणेच खुंटत असे.

साहजिकच सारा भार धूर आणि अग्नी यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर, म्हणजे व्याप्तीवर, आला आणि अनुमानच न मानणाऱ्या चार्वाकांनी नेमका तेथेच घाव घातला. माधवाचार्यांच्या नावावर असलेल्या चौदाव्या शतकातील सर्वदर्शनसंग्रहात त्यांचा आक्षेप नोंदलेला आहे: भूत, भविष्य आणि दूरदेशीचे सर्व धूर कोणीच पाहिलेले नाहीत, व्याप्ती अनुमानाने सिद्ध करू गेल्यास त्या अनुमानाला पुन्हा दुसरी व्याप्ती लागते. युरोपात ह्यूमने अठराव्या शतकात विगमनाविषयी जी शंका घेतली, तिच्याशी याचे साम्य उघड आहे. बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने सातव्या शतकातच व्याप्तीला तादात्म्य आणि कार्यकारणभाव यांचा आधार दिला होता, तर नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेलाच मर्यादा घातली: अग्नीवाचून धूर होईल असे म्हणणाराही धूर हवा असला की अग्नीच पेटवतो, तेव्हा जिच्यामुळे स्वतःचेच वर्तन विसंगत ठरते ती शंका टिकत नाही. उत्तर चतुर आहे, पण ते व्यवहाराच्या बाजूने झुकलेले आहे.

नियम दोन्ही दिशांनी चालत नाही, याचेही भान या परंपरेला होते. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. म्हणून अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण तेथे ओल्या इंधनाची अट, म्हणजे उपाधी, लपलेली असते.

याहून मार्मिक चर्चा अन्नंभट्टाने सतराव्या शतकात आपल्याच तर्कसंग्रहावर लिहिलेल्या दीपिकेत आढळते. पार्थिव वस्तूवर लोखंडाने ओरखडा उमटतो हे शेकडो वेळा दिसले, तरी वज्रमणी, म्हणजे हिरा, त्याला अपवाद ठरतो, मग पुनःपुन्हा पाहण्याने व्याप्ती कळते असे कसे म्हणावे? अन्नंभट्ट दर्शनांची मोजदादच सोडून देतो: साहचर्याचे ज्ञान हवे आणि त्यासोबत व्यभिचाराचे, म्हणजे अपवादाचे, ज्ञान नसावे. एवढ्याने न पाहिलेले धूर हाती येत नाहीत, हे नव्यन्यायाने, म्हणजे न्यायाच्या उत्तरकालीन शाखेने, ओळखले होते. म्हणून मिथिलेच्या गंगेशाच्या परंपरेने असे मांडले की एका धुरात धूमत्व, म्हणजे सर्व धुरांचे सामान्य रूप, दिसताच त्याद्वारे सर्व धुरांचे अलौकिक प्रत्यक्ष होते. त्याला सामान्यलक्षणा प्रत्यासत्ती हे नाव आहे. हा उपाय सर्वांना पचला नाही. गंगेशाच्या ग्रंथावर दीधिती ही विख्यात टीका लिहिणाऱ्या नवद्वीपाच्या रघुनाथ शिरोमणीनेच तो नाकारला.