बादीनच्या हातातला घोडा

आश्रयदात्याला स्वतःविषयी जे दाखवायचे असते ते खरे वाटेल असे रंगवणे, हे अठराव्या शतकातील दरबारी व्यक्तिचित्रकाराचे काम. स्वीडनचा गुस्ताफ लुंडबर्ग (१६९५–१७८६) या कामात मुरलेला होता. पण त्याने १७७५ मध्ये काढलेले एक चित्र मला त्याच्या राजे-राण्यांच्या चित्रांहून मोलाचे वाटते. त्यातला माणूस आश्रयदाता नव्हता, दरबाराला भेट म्हणून आलेला होता.

लुंडबर्ग तरुणपणी पॅरिसला गेला. व्हेनिसची चित्रकर्ती रोझाल्बा कारिएरा १७२० मध्ये तिथे आली आणि तिच्या पेस्टल चित्रांनी शहराला भुरळ घातली. लुंडबर्गनेही तेच माध्यम आपलेसे केले. पेस्टल म्हणजे रंगाची पूड थोड्या डिंकात मळून केलेल्या कांड्या. वाळण्याची वाट पाहावी लागत नाही आणि त्वचेचा मऊपणा बोटाने घासून आणता येतो. मात्र रंग कागदावर नुसता टेकलेला असतो, म्हणून चित्र काचेआड ठेवावे लागते. प्रोटेस्टंट असूनही १७४१ मध्ये त्याला फ्रेंच रॉयल अकादमीत प्रवेश मिळाला. १७५० मध्ये तो स्वीडनचा दरबारी चित्रकार झाला.

१७७५ च्या चित्रात बादीन आहे. डॅनिश ताब्यातील सेंट क्रॉई बेटावरून आणलेला हा आफ्रिकी वंशाचा मुलगा राणी लोविसा उल्रिकाला भेट देण्यात आला. धाक न लावता वाढवलेले मूल कसे घडते, हे पाहण्याचा प्रयोग राणीने त्याच्यावर केला. ‘बादीन’ म्हणजे फ्रेंचमध्ये खेळकर, थट्टेखोर. हे नावही दरबारानेच दिलेले.

चित्रात त्याच्या डोक्यावर पिसे आहेत. समोर बुद्धिबळाचा पट, हातात पांढरा घोडा आणि ओठांवर हसू. पिसांचा वेश दरबारी हौसेचा. ज्याला तो चढवला, त्याच्या मायभूमीशी त्याचा संबंध नाही. पण पटामुळे चित्राचा तोल बदलतो. बाहुल्यासारखा सजवलेला हा माणूस इथे चाल विचारपूर्वक हाती घेऊन बसला आहे. लुंडबर्गने त्याचा चेहरा सरदारांच्या चेहऱ्याइतक्याच जिव्हाळ्याने उजळला आहे, आणि बादीनची नजर खाली झुकलेली नाही.

तरीही हे चित्र म्हणजे बादीनला मिळालेला न्याय, असे मी म्हणणार नाही. चित्रातला बादीन अखेर दरबाराच्या नजरेतला. त्याची दुसरी बाजू त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींत आहे. उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेल्या त्या कागदांत तो आपले मूळ नाव कूशी असल्याचे सांगतो. १८२२ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या मागे शेकडो पुस्तके होती, त्यांतली बरीचशी फ्रेंच.

लुंडबर्गने त्याच्या हाती घोडा दिला खरा, पण ते हात पुस्तकेही चाळत होते, हे चित्राला सांगता आलेले नाही. म्हणून चित्राशेजारी ते कागद ठेवले पाहिजेत. चित्राखाली ‘बादीन’ लिहिले जाते, तिथे ‘कूशी’ हे नावही हवे.