ॲब्सचं आजोळ

नमपाय या पायथन लायब्ररीत केवलमूल्य काढणाऱ्या ॲब्सोल्यूट, म्हणजेच ॲब्स, या फंक्शनला रिड्यूस नावाची मेथड चिकटलेली आहे. ती चालवली की एरर येते, कारण रिड्यूस फक्त दोन आर्ग्युमेंट घेणाऱ्या फंक्शनलाच लागू पडतं. मग हे निरुपयोगी लोढणं त्याच्या गळ्यात आलं कुठून? माझ्या मते ॲब्सचं खरं कूळ तिथेच उघड होतं.

केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा वायरश्ट्रासच्या, १८४१ मधल्या. नाव फोर्ट्रानचं: १९५७ मध्ये ते ॲब्सएफ होतं, शेवटचा एफ पुढे गळला. म्हणून अख्खं कूळच फोर्ट्रानच्या खात्यावर मांडण्याचा मोह होतो. पण ते जुनं ॲब्स एका वेळी एकच आकडा घ्यायचं. ॲरे असेल तर डू लूप प्रोग्रामरनंच लिहायचा. अख्खा ॲरे गिळणारं ॲब्स फोर्ट्रानला मिळालं ते थेट फोर्ट्रान ९० मध्ये.

तेव्हा आडनाव फोर्ट्रानचं, वळण मात्र आजोळचं. हे आजोळ म्हणजे केनेथ आयव्हर्सनची एपीएल ही प्रोग्रामिंग भाषा. १९६० च्या दशकातच तिथे एका संख्येवर चालणारं फंक्शन वेक्टरवर आणि मेट्रिक्सवर तसंच्या तसं चाले. केवलमूल्याच्या रेघा दोन्ही अंगांना, फॅक्टोरियलचं उद्गारचिन्ह मागे, हा गणितातला सावळागोंधळ एपीएलनं मोडला आणि सगळी चिन्हं डावीकडे आणली. वायरश्ट्रासची एक रेघ त्यात कायमची गेली. उरलेलीला वर दुसरं काम लागलं: तिच्या डावीकडे ३ आणि उजवीकडे ७ लिहिले, की उत्तर येतं १, म्हणजे भागाकाराची बाकी.

कुणी म्हणेल, मधे मॅटलॅब आहे की! आहेच. तिथेही ॲब्स मेट्रिक्सच्या प्रत्येक घटकावर चालतं, आणि १९९५ च्या सुमारास जिम ह्यूगुनिननं नमपायचा पूर्वज न्यूमेरिक लिहिला तेव्हा मॅटलॅब चांगलंच रुळलेलं होतं. पण मॅटलॅबमध्ये बेरजेसाठी सम, चढत्या बेरजेसाठी कमसम, अशी सुटी फंक्शनं. दोन आर्ग्युमेंटच्या फंक्शनला रिड्यूस, ॲक्युम्युलेट, आउटर जोडायची कल्पना एपीएलची: रिडक्शन, स्कॅन, आउटर प्रॉडक्ट. नमपायनं एकेका घटकावर चालणारी फंक्शनं, एका आर्ग्युमेंटची असोत की दोन, या एकाच साच्यातून काढली, म्हणून बिचाऱ्या ॲब्सोल्यूटलाही रिड्यूस आलं.

नमपायच्या आठ बिटांच्या ॲरेत -१२८ ला ॲब्स लावलं तर उत्तर -१२८ च येतं. तो वारसा मात्र यातल्या कुणाचाच नाही. तिथे १२७ च्या पुढे जागाच नसते.