उष्णतामानाच्या आंकड्याचें प्रामाण्य : वाशिंद येथील एका घरगुती नोंदवहीची चिकित्सा

एखादें जुनें पत्र हातीं आलें, तर जाणता संशोधक मजकुरावर एकदम विश्वास ठेवीत नाहीं. कागद कोणता, हस्ताक्षर कोणाचें, पत्र कोणत्या दप्तरांतून निघालें, हें तो आधीं पाहतो. परंतु हवामानाचा आंकडा पुढें आला, कीं ही शिस्त आपण विसरतों. ‘आज ४४ अंश’ एवढें वाचून आपण तें खरें धरतों. तो आंकडा कोठें, किती उंचीवर, कोणत्या सावलींत आणि कोणी टिपला, हें विचारीत नाहीं. उष्णतामानाची नोंद हाही एक दस्तऐवजच आहे व त्यास तीच कसोटी लावली पाहिजे, इतकेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

१. मापनाची परंपरा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, कोठारांत एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवून पाऊस मोजावा, असें सांगितलें आहे. तोंडाची रुंदी ठरविल्यावांचून दोन ठिकाणच्या पावसाची तुलना होणार नाहीं, हें ग्रंथकारानें ओळखलें होतें. देशोदेशींच्या पावसाचें प्रमाण तो द्रोणांत देतो. आमचा अपरांत मात्र मोजमापापलीकडे ठेवतो. उष्णता कुंडांत सांठवितां येत नव्हती, म्हणून ती शब्दांनींच मोजली गेली. ते शब्दही ढिले नाहींत. देशावर ऊन रखरखतें, कोंकणांत उकडतें. पहिल्या शब्दांत कोरडी आंच आहे, दुसऱ्यांत वाफ आहे.

मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं ज्योतिषविषयक वेध व कालमापन यांसाठीं निघाली. १८४१ पासून तेथें चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणें होऊं लागलीं. प्रोफेसर आर्लिबार यांच्या हाताखालीं नागांवचे केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं सुमारें दहा वर्षें तेथेंच काम केलें. पुढें १ ऑक्टोबर १८५५ रोजीं कल्याणाहून लोहमार्ग आमच्या वाशिंदपर्यंत आला. पण तापमापकास अद्याप सर्वमान्य असें घर नव्हतें. तें १८६४ मध्यें दीपगृहांचे स्कॉटिश अभियंते टॉमस स्टीव्हन्सन यांनीं सुचविलें : पांढऱ्या रंगाची, चारी बाजूंनीं झडपांच्या फटींची लांकडी पेटी, जींत वारा शिरेल पण ऊन शिरणार नाहीं. १८७५ त स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचीं निरीक्षणेंही पुढें अशाच पेटींतून होऊं लागलीं. कौटिल्याच्या कुंडास जें तोंडाचें माप, तेंच तापमापकास ही पेटी.

२. माझी नोंदवही

वाशिंद मुंबईहून लोहमार्गानें सुमारें ८० किलोमीटर आंत, भातसा नदीच्या खोऱ्यांत आहे. कुलाबा व सांताक्रूझ येथील आंकडे समुद्राच्या शेजारचे; आमच्या दुपारीस ते लागू पडत नाहींत. म्हणून मे २०१९ मध्यें मुलानें मला घरगुती तापमापक आणून दिला, तेव्हां आनंद झाला. त्याचा सेन्सर बाहेर टांगावयाचा व आंकडा घरांत वाचावयाचा. पश्चिमेकडील पडवींत पत्र्याखालीं एक खिळा आयताच होता. त्यावर तो टांगला. दोन उन्हाळे मीं नेमानें नोंदी केल्या. दुपारचे आंकडे ४५, ४६ असे येत आणि मी ते अभिमानानें सर्वांस सांगत असें.

२०२१ मध्यें तशाच जातीचा दुसरा सेन्सर परसांतील आंब्याच्या दाट सावलींत, छातीइतक्या उंचीवर लावला. पहांटे दोन्ही आंकडे जवळजवळ सारखे. दुपारीं चारच्या सुमारास मात्र पडवींतला पांच ते सहा अंशांनीं अधिक. म्हणजे यंत्र खोटें नव्हतें, जागा खोटी होती. तें हवेची नव्हे, तापलेल्या पत्र्याची व भिंतीची उष्णता सांगत होतें.

या चुकीची किंमत मला पुढें कळली. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें भर उन्हांत झालेल्या समारंभानंतर उष्माघातानें १४ माणसें दगावलीं. त्याच आठवड्यांत परसांतल्या सेन्सरनें ३८ अंश व बरीच आर्द्रता दाखविली. मी जवळच्या वीटभट्टीवर जाऊन, मजुरांस बारा ते चार विसांवा द्यावा, असें सुचविलें. मुकादम हंसून म्हणाला, “गुरुजी, तुमच्या यंत्राला रोजच ताप असतो.” मजकडे उत्तर नव्हतें. माझ्या ४६ नें माझ्याच ३८ ची पत घालविली होती. फुगलेला आंकडा निरुपद्रवी नसतो. पुढच्या खऱ्या आंकड्यास तो मारक होतो.

३. दोन साक्षी

थोरांच्याही नोंदी या कसोटींतून सुटत नाहींत. लीबियांतील अल् अझीझिया येथें १३ सप्टेंबर १९२२ रोजीं ५८ अंश उष्णतामान नोंदलें गेलें व तें पृथ्वीवरील उच्चांक म्हणून नव्वद वर्षें पुस्तकांत छापलें गेलें. २०१२ मध्यें जागतिक हवामान संघटनेनें तें रद्द ठरविलें. मूळ नोंदपत्र तपासतां असें दिसलें, कीं त्याच महिन्यांत निरीक्षक बदलला होता. नव्या हातानें आंकडे चुकीच्या रकान्यांतही भरले होते. तापमापकांतील दर्शकाचें भलतेंच टोंक वाचल्यानें सुमारें सात अंशांची चूक झाली असावी, असा निष्कर्ष निघाला. जमिनीचा पृष्ठभाग, शेजारच्या ठाण्यांशीं न जुळणें, हीं कारणें त्यास पूरक ठरलीं. हस्ताक्षराच्या बदलावरून जागतिक विक्रम डळमळावा, ही गोष्ट हस्तलिखितांच्या अभ्यासकांस मुद्दाम सांगण्याजोगी आहे.

दुसरी साक्ष घरची. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरांतील एका स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश दाखविले. आसपासच्या इतर केंद्रांवर तेव्हां ४४ च्या सुमाराचे आंकडे होते. खात्यानें सेन्सर सदोष ठरविला. त्याच आठवड्यांत दिल्लीजवळील मुंगेशपूरचा ५२.९ हा आंकडा प्रमाणित यंत्राशीं ताडून पाहतां सुमारें तीन अंशांनीं अधिक निघाला. दोन्हीं ठिकाणीं निर्णय झाला तो दुसऱ्या प्रतीशीं ताडून पाहिल्यानेंच.

४. उकाड्याचें गणित व संकरपाठ

अलीकडे उष्णतामानाबरोबर ‘उष्णता निर्देशांक’ही सांगतात. अमेरिकेंत रॉबर्ट स्टेडमन यांनीं १९७९ मध्यें मांडलेल्या विचारावर तो आधारलेला आहे; आमच्या हवामान खात्यानें २०२३ पासून प्रायोगिक स्वरूपांत तसा निर्देशांक देण्यास आरंभ केला. घाम वाळला तर शरीर निवतें. हवेंत ओल अधिक असेल, तर घाम वाळत नाहीं. आमच्या ‘उकडण्या’चेंच हें गणित होय. ३८ अंश उष्णतामान व ४० टक्के सापेक्ष आर्द्रता असतां निर्देशांक सुमारें ४३ येतो. आर्द्रता ६० टक्के धरली तर सुमारें ५४. हा हिशेब सावलीचा व मंद वाऱ्याचा; प्रत्यक्ष उन्हांत आणखी आठ अंशांपर्यंत भर पडूं शकते.

येथेंच मोठा घोटाळा होतो. आर्द्रता पहांटे अधिक व दुपारीं कमी असते. कित्येक जण सकाळची आर्द्रता व दुपारचें उष्णतामान जोडून भयंकर निर्देशांक काढतात. दोन पोथ्यांतील अर्धे अर्धे चरण जोडून कोणत्याच पोथींत नसलेला श्लोक बनवावा, तसा हा संकरपाठ होय. तापलेला सेन्सर उष्णतामान जास्त व आर्द्रता कमी दाखवितो. म्हणून एका जागेचें उष्णतामान दुसऱ्या जागेच्या आर्द्रतेशींही जोडूं नये. दोन्ही आंकडे एकाच क्षणाचे, एकाच जागेचे पाहिजेत.

५. कांहीं व्यावहारिक नियम

सेन्सर जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, माती किंवा गवत असलेल्या जागीं, भिंत, पत्रा व फरशी यांपासून दूर असावा. त्यावर पांढऱ्या ताटल्यांची, मध्यें फटी ठेवलेली उतरंड बसवावी व तींतील धूळ आणि कोळिष्टकें वेळोवेळीं काढावीं. उत्तरेकडील भिंतीस कायम सावली असते, हा पाश्चात्य ग्रंथांतील समज येथें चालत नाहीं : मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हींचा सूर्य वाशिंदच्या खस्वस्तिकाच्या उत्तरेस असतो. सेन्सर पिशवींत घट्ट बांधून, कुटलेलें बर्फ व पाणी यांच्या काल्यांत ठेवल्यास शून्य अंश दिसले पाहिजेत. बंद डब्यांत ओलसर मिठाशेजारीं, पण मिठास न टेकवितां, कांहीं तास ठेवल्यास आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास यावी. जितका फरक दिसेल, तितका वहींत लिहावा.

६. उपसंहार

पडवींतल्या दोन वर्षांच्या नोंदींतून पांच अंश वजा करून त्या ‘शुद्ध’ कराव्या, असें एका स्नेह्यानें सुचविलें. मीं तें मानलें नाहीं. फरक तासागणिक व ऋतूगणिक बदलत होता. वजाबाकीनें एक नवी चूक मात्र जन्मास आली असती. मूळ आंकडे तसेच ठेवून वहीच्या आरंभीं एक पान जोडलें आहे : सेन्सर कोठें होता, केव्हां हलविला, दोहोंत किती अंतर पडलें.

संग्राहकांस एवढीच विनंती, कीं जुन्या दप्तरांत घरगुती वा दवाखान्याच्या हवापाण्याच्या वह्या आढळल्या, तर त्या रद्दी समजूं नयेत. आणि ज्यांच्या घरीं आज असें यंत्र असेल, त्यांनीं आंकड्याआधीं त्याची जागा लिहावी. पुढील संशोधक पहिला प्रश्न तोच विचारील.