रंगविलेले छायाचित्र आणि चित्रविषयाची आत्मप्रतिमा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात व्यक्तिचित्राचा जो एक संमिश्र प्रकार रूढ झाला, त्याची अभ्यासकांनी दीर्घकाळ उपेक्षा केली. छायाचित्राच्या कागदी प्रतीवर रंगांचे जाड थर चढवून केलेली ही चित्रे चित्रकलेच्या अभ्यासकाला अवनतीची खूण वाटली, तर छायाचित्रणाच्या अभ्यासकाला भेसळ. १९८२ साली जूडिथ गुटमन यांनी त्यांत खास भारतीय दृष्टी असल्याचे प्रतिपादन केले. तथापि ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. छायाचित्रे रंगविण्याची चाल युरोपातही होतीच. विचार करावयाचा तो रंग कोठे चढविला आणि कोठे आवरला, याचा.

रंगाची गरज काही अंशी तांत्रिक होती. १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलोडियन पद्धतीतील काचेला निळ्या प्रकाशाची संवेदना होती, तांबड्या-पिवळ्याची जवळजवळ नव्हती. त्यामुळे केशरी पागोटे, कुंकवाचा टिळा, पिवळे वस्त्र ही काळवंडून उमटत. ज्या चिन्हांवरून माणसाचा पंथ आणि मान ओळखावयाचा, नेमकी तीच यंत्र पुसून टाकी. कुंचला ती परत आणी. अशा चित्रांत पोशाख, गालिचा, पार्श्वभूमी ही पुष्कळदा अपारदर्शक रंगाखाली पार झाकलेली असतात. चेहऱ्यावर मात्र रंगाचा हात हलका असतो. मुद्रा यंत्राने सांगावी आणि प्रतिष्ठा चिताऱ्याने, अशी ही वाटणी आहे. म्हणून रंगाच्या थराला केवळ सजावट समजून त्याखालचे ‘खरे’ छायाचित्र शोधणारा इतिहासकार अर्धा पुरावा गमावतो.

ही वाटणी सर्वांत स्पष्ट दिसते ती मेवाडातील नाथद्वार येथे. मुंबईतील भाटिया व गुजराती वैष्णव व्यापारी ज्या पुष्टिमार्गाचे अनुयायी, त्याचे हे मुख्य पीठ. श्रीनाथजींची मूर्ती येथे १६७२ मध्ये आली. विशेष सेवा घडविणारा यात्रेकरू त्या प्रसंगाचे ‘मनोरथ’ चित्र काढवून घेई: मध्ये श्रीनाथजी, बाजूंस गोस्वामी आणि हात जोडलेले यजमानाचे कुटुंब. छायाचित्रणाचा प्रसार झाल्यावर चितारी यजमानाचा चेहरा छायाचित्रातून कापून कागदावर चिकटवू लागले आणि धड, वस्त्रे, दागिने रंगवून जोड झाकू लागले. देवाचे रूप मात्र कुंचल्याचेच राहिले. देव परंपरेने ओळखावयाचा, भक्त चेहरेपट्टीने.

यातून एक विसंगती उद्भवली, आणि तीच अधिक बोलकी आहे. राजस्थानी चित्रपरंपरेत चेहरा बहुधा एकचष्म, म्हणजे एका बाजूने दिसणारा. भक्ताची दृष्टी सरळ देवाकडे. छायाचित्रातला माणूस भिंगाकडे पाहतो. परिणामी अनेक मनोरथांत जोडलेले हात देवाकडे, तर डोळे चित्र पाहणाऱ्याकडे वळलेले असतात. हा चिताऱ्याचा निष्काळजीपणा म्हणावा, तर जोड झाकण्यातील त्याची सफाई तसे म्हणू देत नाही. यजमानाला दर्शन हवे होते, तसेच दर्शन घेताना आपण दिसावे, घरच्यांनी आपणास ओळखावे, हेही हवे होते, असे अनुमान अधिक सयुक्तिक ठरते. पूर्वीच्या चित्रांतील भक्ताला या दुसऱ्या इच्छेसाठी जागाच नव्हती.

काळाने मात्र या वाटणीवर उलट निर्णय दिला आहे. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावरील छायाचित्र हळूहळू पिवळे पडून फिकटते, खनिज रंग टिकतात. पुष्कळ जुन्या प्रतींत पागोट्याची किनार अजून ठसठशीत आहे आणि तिच्याखालचा चेहरा विरत चालला आहे.