खेळातून उभी राहिलेली मदत



आजचा विषय ऐकून काही जणींना हसू येईल. आज आम्ही व्हिडिओ गेमवर बोलणार आहोत. "पोट्ट्यांच्या हातातून मोबाईल सोडवता सोडवता जीव जातो, आणि तुम्ही रेडिओवर त्याचंच कौतुक करता का?" असं एखादी म्हणेलच. पण ही गोष्ट मोबाईलवरच्या नव्या खेळांची नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी टीव्हीला वायर जोडून खेळायचे त्या जुन्या खेळांची आहे. त्या खेळांच्या आठवणीवर लोकांनी आजारी मुलांसाठी, गरिबांसाठी मोठा पैसा उभा केला. तो कसा केला, हे आपण समजून घेऊ. कारण पैसा जमवायचं काम आपल्यालाही रोजचंच आहे.

सुरुवात आपल्या अंगणातून करू. तान्हा पोळा आठवा. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदारी जातात आणि घराघरातून त्यांना बोजारा मिळतो. भुलाबाईत मुली या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात आणि वाटून खातात. खेळ आधी, देणं मागून. देणाऱ्याला आपल्या हातून काही गेलं असं वाटत नाही, उलट पोरं दारी आली नाहीत तर चुकल्यासारखं वाटतं. खेळातून गोळा करणं आपल्याला नवं नाही.

मोठ्या कामासाठीही महाराष्ट्राने हे केलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना गावोगाव नेली. माणशी वर्षाला एक पैसा, एवढंच मागणं. लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि त्या पैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. पुढे १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर १ कोटी रुपये जमवायचं ठरलं. त्या फंडाच्या मदतीसाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, या दोन नावाजलेल्या कंपन्या. एकमेकींशी चढाओढ असलेल्या. पण त्या रात्री दोघे एका रंगमंचावर उभे राहिले, बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. 'मानापमान' तेव्हा दहा वर्षांचं जुनं नाटक होतं. त्याची पदं लोकांना तोंडपाठ होती. तरी लोक आले, कारण ओळखीची गोष्ट सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहण्यात आनंद असतो, आणि त्या तिकिटाचा पैसा देशाच्या कामाला जाणार होता.

आता व्हिडिओ गेमकडे वळू. या खेळांचा जन्मच नाण्यांच्या डब्याजवळ झाला. १९७२ साली अमेरिकेत अटारी कंपनीने 'पाँग' नावाचा खेळ काढला. पडद्यावर दोन फळ्या आणि मधे एक ठिपका, टेबल टेनिससारखा. पहिलं यंत्र एका दारूच्या दुकानात ठेवलं होतं. थोड्याच दिवसांत ते बंद पडलं. दुरुस्तीला माणूस गेला, तर बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा इतका भरला होता की यंत्र चालेना.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी नावाच्या तरुणाने 'पॅकमॅन' तयार केला. तोवरच्या बहुतेक खेळांत गोळीबार आणि मारामारी असायची, आणि ती यंत्रं असलेल्या दुकानांत पुरुषांचीच गर्दी. बायकांनाही तिथे यावंसं वाटलं पाहिजे, असं इवातानींच्या मनात होतं. म्हणून त्यांनी मारण्याऐवजी खाण्याचा खेळ केला. तुकडा मोडलेल्या भाकरीसारखा पिवळा गोल तोंड उघडझाप करत ठिपके खात जातो आणि रंगीत भुतं त्याच्या मागे लागतात. पुढे हा खेळ जगभर गेला. म्हणजे बायकांचा विचार करून केलेली वस्तू सगळ्यांनाच आवडली.

मग आलं घरचं यंत्र. निन्टेंडो कंपनीने १९८३ साली जपानमध्ये टीव्हीला जोडायचा खेळ विकायला काढला आणि १९८५ साली त्यावर 'सुपर मारिओ' आला. आपल्याकडे ते मूळ यंत्र फारसं आलंच नाही. आल्या त्या त्याच्या स्वस्त नकला, कोणी 'समुराई' म्हणायचं, कोणी 'मीडिया', कोणी 'लिटल मास्टर'. सोबत पिवळी कॅसेट. तिच्यावर '९९९ इन १' लिहिलेलं आणि आत तेच पाच-दहा खेळ पुन्हा पुन्हा. खेळ अडकला की कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि परत घालायची.

आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आम्हा बायकांना ते दिवस चांगले आठवतात. गल्लीत एखाद्याच घरी तो खेळ असायचा. जिल्ह्याच्या ठिकाणी, तालुक्याला तासावर किंवा नाण्यावर खेळायला देणारी दुकानंही निघाली होती. तिथे मुली जात नसत. आणि घरीसुद्धा रिमोट भावाच्या आणि त्याच्या मित्रांच्या हातात, आम्ही मागे उभ्या. "हा मेला की तुझा नंबर," असं सांगायचे, आणि नंबर यायच्या आधी लाईट जायची. तरीही कुठल्या विटेत नाणं आहे आणि कुठल्या नळीतून खाली उतरता येतं हे आम्हाला सगळं पाठ होतं. बघून बघून शिकलो होतो.

मारिओची गोष्टही मजेची आहे. राजकन्येला राक्षसाने पळवलेलं, आणि हा मिशीवाला गडी तिला सोडवायला निघतो. किल्ला सर करून आत जावं तर निरोप मिळतो की राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असे सात किल्ले रिकामे, आठव्यात ती सापडते. कार्यालयात कागद घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरलेल्या आपल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

ती मुलं-मुली मोठी झाली, कमावती झाली. जुन्या खेळाची आठवण मात्र मनात राहिली. त्या आठवणीचं पुढे काय करायचं, हे काही तरुणांना सुचलं.

कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात विनोदी कार्यक्रम करणारा एक गट होता. त्यांनी नोव्हेंबर २००७ मध्ये 'डेझर्ट बस' नावाचा खेळ निवडला. हा १९९५ सालचा खेळ, पण कधी बाजारात न आलेला, आणि इतका कंटाळवाणा की विचारू नका. वाळवंटातून सरळ रस्त्याने बस चालवायची, पूर्ण आठ तास. प्रवासी नाहीत, थांबे नाहीत. बस सारखी थोडी उजवीकडे ओढते, म्हणून हात सोडता येत नाही. मधेच काचेवर एक किडा आपटतो, तेवढीच करमणूक. आठ तासांनी गाव आलं की एक गुण मिळतो आणि मग परतीची वाट. या तरुणांनी जाहीर केलं की आम्ही हा खेळ खेळत बसतो, तुम्ही पैसे द्या. जितके पैसे, तितके तास. गोळा झालेली रक्कम 'चाइल्ड्स प्ले' या संस्थेला जाईल. ही संस्था दवाखान्यात पडून असलेल्या लहान मुलांना खेळणी आणि खेळ पुरवते.

त्यांचा हिशेब आपल्या गटातल्या कोणालाही कळेल असा होता. पहिल्या तासाला १ डॉलर. पुढच्या प्रत्येक तासाचा दर आधीच्या तासापेक्षा ७ टक्के जास्त. म्हणजे चक्रवाढ. दहा तासांना मिळून जेमतेम १४ डॉलर लागतात. चोवीस तासांना साधारण ५८. पण शंभर तास गाठायचे तर १२,००० डॉलरच्या वर जावं लागतं. सावकाराच्या वहीत जे चक्रवाढ व्याज माणसाला बुडवतं, ते इथे आजारी मुलांच्या कामाला लावलं. पहिल्याच वर्षी २२,००० डॉलरहून जास्त रक्कम जमली.

दुसरी गोष्ट जानेवारी २०१० ची, अमेरिकेतली. जुने खेळ कमीत कमी वेळात पूर्ण करायचे, असा छंद असलेले काही जण होते. आपल्याला ज्या मारिओला पूर्ण दुपार पुरत नसे, तो खेळ आज हे लोक पाच मिनिटांच्या आत संपवतात. त्यांनी एकत्र बसून खेळायचं, ते इंटरनेटवर दाखवायचं आणि बघणाऱ्यांकडून मदत गोळा करायची असं ठरवलं. ठरलेल्या हॉटेलात इंटरनेट नीट चालेना. मग सगळं सामान उचलून आयोजकाच्या आईच्या घरी नेलं आणि तळघरात कार्यक्रम पार पाडला. एका आईने घर उघडलं म्हणून काम निभावलं, असंच म्हणायचं! त्या वेळी १०,००० डॉलरच्या वर रक्कम जमली. 'गेम्स डन क्विक' या नावाने ते दरवर्षी होऊ लागलं, आणि २०१४ सालच्या जानेवारीतल्या एकाच कार्यक्रमात १० लाख डॉलरचा आकडा ओलांडला. ती रक्कम कॅन्सरला आळा घालण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला गेली.

२०१० सालची पहिली मदत मात्र 'केअर' या संस्थेला गेली होती. बहिणींनो, या संस्थेचं आपल्याशी नातं आहे. याच 'केअर'ने १९९१ साली आफ्रिकेतल्या नायजर देशात खेड्यातल्या बायकांचे बचत गट सुरू केले. ती पद्धत पुढे आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पसरली. त्या गटांच्या पैशाच्या पेटीला तीन कुलपं असतात आणि किल्ल्या तीन वेगवेगळ्या सभासदांकडे. पेटी उघडायची ती बैठकीत, सगळ्यांसमोर.

भारतातही असं घडलं. मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट चालू असताना, विश्वनाथन आनंद यांनी आणखी चार भारतीय ग्रँडमास्टरांसोबत इंटरनेटवर बुद्धिबळाचे सामने खेळून कोरोनाग्रस्तांसाठी निधी गोळा केला. त्या चौघांत कोनेरू हंपी आणि द्रोणवल्ली हरिका या दोन बायका होत्या. खेळणारे पैसे भरून आनंदशी खेळले. हरणार हे माहीत असूनही भरले.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवू. खेळात पैसा येतो तेव्हा जुगारही मागच्या दाराने येतो. रमीच्या ॲपवर पऱ्हाटीचे पैसे घालवलेली घरं आपल्या गावांत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला, तो याच त्रासामुळे. जुगारात माणूस स्वतःला मिळेल म्हणून पैसा टाकतो. मदतीच्या खेळात तो पैसा परत येणार नाही हे माहीत असून देतो. परत काही मिळायची आशा दाखवली, बक्षिसाची सोडत लावली, की खेळाचा रस्ता बदलला असं समजावं.

मग या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? आपला बचत गट कर्ज द्यायला शिकला. अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज, वेळेवर हप्ता, यात आपल्या बायकांचा हात कोणी धरणार नाही. पण प्रत्येक दुःखाला कर्ज हा इलाज नसतो. आपला जिल्हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशाला माहीत झाला. ज्या घरात असा प्रसंग येतो, त्या बाईला पहिल्या महिन्यात आपण कर्जाचा अर्ज देणार का? एखाद्या सभासदाला उपचारासाठी नेहमी सेवाग्रामला किंवा नागपूरला जावं लागतं, तिच्या जाण्या-येण्याच्या भाड्यावर व्याज लावणार का? आणि गटाच्या बचतीला तर असा हात लावता येत नाही, ती सगळ्यांची ठेव आहे. म्हणून मदतीचा पैसा वेगळा उभा करावा लागतो. तोही सारखा घरोघरी मागत फिरलं की लोक कंटाळतात आणि घेणारीची मान खाली जाते.

खेळ इथे कामाला येतो. कोजागिरीला भुलाबाईची गाणी होतातच. त्या रात्री सागरगोटे, फुगड्या, संगीत खुर्ची ठेवा. कोणाच्या माळ्यावर जुना टीव्ही गेम पडला असेल तर तोही काढा, सासू-सुनेची जोडी मारिओ खेळताना बघायला गाव लोटेल. पण चार गोष्टी आधी ठरवा. पैसा कशासाठी, हे सुरू व्हायच्या आधी सांगा. ज्या बहिणीसाठी जमवायचा तिला आधी विचारा, आणि तिची इच्छा नसेल तर तिचं नाव भोंग्यावर घेऊ नका. देणं लहान ठेवा, पैसा फंडासारखं, म्हणजे कोणाला मागे उभं राहावं लागणार नाही. आणि उठायच्या आधी तिथेच पैसे मोजा, आकडा मोठ्याने सांगा, इतिवृत्तात लिहा आणि तिघींच्या सह्या घ्या. त्या परदेशी कार्यक्रमांत जमलेला आकडा पूर्ण वेळ पडद्यावर दिसत असतो. लोक पुढच्या वर्षी पुन्हा देतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

आणि रिमोट या वेळी मुलींच्या हातात द्या.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या, ठराव करा. काय ठरलं ते आम्हाला कळवा, आपण या कार्यक्रमात त्यावर बोलू.